लाल पाण्याचं विरजण

११ जानेवारी २००९, बिरवाडी

मला लिहायची सवय नाही. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर सही आणि गाडीच्या ट्रिपा सोडून हातात पेन धरलं नाही. पण आजपासून लिहून ठेवणार. उद्या काही भानगड निघाली तर 'सदू ढेबेला सगळं ठाऊक होतं, तोही सामील' असं कोणी म्हणू नये, म्हणून.

काल बडोद्याहून निघालो, आज दुपारी पोचलो. जीप कॉलेजची, चालवणारा मी. मागे दोघं विद्यार्थी, गौतमी आणि स्वराज. बडोद्यातल्या मराठी घरांची मुलं, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. दोघांच्या मध्ये एक निळी बर्फाची पेटी, कुलूप घातलेली. रस्त्यात जेवायला उतरलो तरी एक जण पेटीपाशी बसून. नवरीचे दागिने कोणी असे सांभाळत नाही.

पेटीत काय, तर जंतू. डोळ्याला दिसत नाहीत. ह्यांनी म्हणे एका जंतूत दुसऱ्या जंतूचा गुण आणून बसवलाय, आंब्याला कलम बांधतात तसा. आता तो कापडाच्या रंगाचं सांडपाणी खातो आणि पाणी निवळतं. परदेशातल्या कसल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळालं. आता ह्यांना स्वतःची छोटीशी कंपनी काढायचीय, पण आधी कोणी कारखानदार भेटायला हवा, जो म्हणेल, या, माझ्या पाण्यावर करून दाखवा. वर्षभर मीच ह्यांना फिरवतोय. वापी झालं, अंकलेश्वर झालं. कुठे वॉचमनने परत पाठवलं, कुठे साहेबाने चहा पाजून परत पाठवलं. एकदा असेच हात हलवत परत येताना माझ्या तोंडून गेलं, "आमच्या महाडला पण रंगाच्या कंपन्या हायत की. माझ्या ओळखीचा माणूस हाय आत."

बोलून बसलो. आता वाटतं, ह्यांनीच ते माझ्या तोंडून काढून घेतलं. मी जवळ गेलो की ह्यांचं मराठी बंद आणि इंग्रजी सुरू. लपवण्यासारखं काही नसेल तर भाषा कशाला बदलायची?

काशीबाईंच्या माडीवर दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. एक गौतमीला, एक आम्हा दोघांना. पेटी गौतमीच्या खोलीत.

१४ जानेवारी, संक्रांत

ओळखीचा माणूस म्हणजे प्रवीणदादा. पोलादपूर बाजारातला. आमची आय डोंगरावरून उतरून त्यांच्या घरी लोणी घालायची, मी तिच्या मागे मागे. तो बी.एस्सी. झाला, आता रंगाच्या कंपनीत सांडपाण्याचं सगळं खातं त्याच्या हाताखाली. गेटवरच मिठी मारली.

"सद्या, लेका! गुजराती झालास की काय? तिळगूळ घे. आणि तुझ्या शास्त्रज्ञांनाही सांग, गोड बोला."

आत शेठसमोर गौतमीने लॅपटॉपवर सगळं दाखवलं. चांगली बोलते. मग स्वराजने बॅगेतून कागद काढला. ह्यावर सही झाल्याशिवाय आमच्या बाटलीतला थेंबही कोणाच्या हाती देणार नाही, म्हणाला. शेठ हसले. "पोरा, मी मुलगी दिली तेव्हाही जावयाकडून एवढं लिहून घेतलं नव्हतं."

शेवटी ठरलं ते असं. कंपनीच्या शेडमध्ये एक ड्रम. त्याला हात फक्त ह्या दोघांनी लावायचा. जमलं तर मग करार, सही, सगळं.

बाहेर आल्यावर प्रवीणदादाने मला बाजूला घेतलं. "बघितलंस ना? आपल्या मुलखात येऊन आपल्यालाच चोर समजतात." मला ते लागलं, कारण खरं होतं. मग म्हणाला, "कंपनीला ड्रायव्हर लागतोय. पर्मनंट. चार वर्षं झाली तुला बाहेर, अजून किती राहणार परमुलखात?"

पर्मनंट. परत येताना दोनदा गिअर चुकला.

१७ जानेवारी

आज काशीबाई माझ्यावर धावून आल्या. "काय रे, ही पोरं जेवतात खानावळीत आन् माझ्या घरात कुकर चढवतात तो कशापायी? शिट्ट्यांवर शिट्ट्या! झाकण उघडलं तं आत ना डाळ, ना भात. नुसत्या बाटल्या!"

"धुतलेल्या असतील."

"शिजवलेल्या बाटल्या मी पयल्यांदा बघितल्या. जादूटोणा नाय ना?"

मी हसण्यावारी नेलं, पण मलाही दिसतंय. ड्रममधून जे पाणी काढतात ते नुसतं ओतत नाहीत. आधी त्यात ब्लीचिंग पावडर घालतात, घड्याळ लावून थांबतात, मग ओततात. हातमोजे वेगळ्या पिशवीत, त्यांनाही ब्लीचिंग. मी विचारलं तर स्वराज म्हणाला, "काळजी घेतलेली बरी." कोणाची काळजी? जे औषध म्हणून आणलंय ते ओतायला भीती कसली? पुरावा नाहीसा करणारा माणूस असंच करतो.

२५ जानेवारी

रविवार म्हणून घरी जाऊन आलो, उमरठच्या वर, आमच्या धनगरवाड्यावर. गौतमी म्हणाली मी पण येते, मग स्वराजही पेटी घेऊन. उमरठला जीप लावली आणि वर चढलो. स्वराज तीन ठिकाणी बसला. पेटी मी घेतो म्हटलं तर दिली नाही.

आय खूश. गौतमीला आधी गरम दूध, मग दही, मग पुन्हा दूध. "खा गो. काडीवाणी झालीस. शिकता शिकता जेवायचं इसारतेस काय?"

तेवढ्यात शेजारची आवडी वाटी घेऊन आली. त्यांचं विरजण फसलं होतं. आयने उठून चमचाभर दही वाटीत घातलं, वर तुळशीचं पान ठेवलं. गौतमी बघत होती.

"मावशी, ह्याचे पैसे नाही घेत?"

"इरजणाचं पैसं?" आयने कानाला हात लावला. "जीभ झडंल. दूध इकावं, लोणी इकावं. इरजण मागाया आलेलं भांडं रिकामं धाडू नाय. दिव्याची येळ टळली तं मातूर नाय देत. दिल्यानं काय कमी होतं? तिच्या घरी हंडाभर व्हतंय, माझ्या घरी हाय तेवढं हायच."

गौतमी स्वराजला इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि तो हसला. मग तीही हसली. माझ्या आयच्या बोलण्यावर हसले! तिच्याच हातचं दही खाऊन. उतरताना मी झपाझप पुढे निघालो, त्यांच्यासाठी थांबलो नाही.

खाली आल्यावर गौतमी विचारते, "सदूदादा, इथेच काम मिळालं तर राहाल? ड्रमांकडे बघायला आम्हाला इथलं माणूस लागेल." मी म्हटलं, बघू. म्हणजे काही बिनसलं तर पकडायला इथला माणूस हवा. तेवढं कळतं मला.

३ फेब्रुवारी

झालं. मी स्वतः पाहिलं. सकाळी ड्रममधलं पाणी कुंकवासारखं लाल होतं. कालपासून फिकं पडत होतंच, आज दुपारी ताकाच्या निवळीसारखं झालं. बुडात हात घातला असता तर बोटं दिसली असती. शेठ आले. चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. प्रवीणदादा मात्र ड्रमभोवती फिरत राहिला, मांजर दुधाभोवती फिरतं तसा.

शेठ म्हणाले, वकिलाला कागद दाखवतो, थोडे दिवस द्या.

मुलं आनंदाने वेडी झाली. शेडच्या बाहेर स्वराज नाचला, नाचता येत नसताना. मग पुन्हा ते ब्लीचिंग. अख्ख्या ड्रमात. एवढं कष्टाने केलेलं पाणी स्वतःच्या हाताने मारलं आणि ड्रम घासून उपडा घातला.

६ फेब्रुवारी

दोघं मुंबईला गेली, त्यांच्याही वकिलाला भेटायला. पेटी इथेच, कारण एस.टी.च्या गर्दीत बर्फ बदलणार कोण? बर्फ बदलायचं काम माझं. किल्ली गौतमीने माझ्या हातात दिली.

स्वराज म्हणाला, "कोणालाही द्यायचं नाही. प्रवीणसरांनाही नाही."

गौतमी त्याला म्हणाली, "अरे, सांगायला कशाला हवं?"

पण सांगून झालं होतं. नाव घेऊन. माझ्याच माणसाचं, माझ्या तोंडावर. आणि किल्ली माझ्याकडे ठेवायची! उद्या काही हरवलं तर चोर तयार.

७ फेब्रुवारी

संध्याकाळी, उन्हं असतानाच, प्रवीणदादा आला. हातात स्टीलचा डबा, झाकणाचा. काशीबाईंनी चहा दिला.

"सद्या, घोटाळा झालाय. शेठचे भागीदार उद्या येतायत मुंबईहून. त्यांना डोळ्यांनी बघायचंय, तरच सही. आणि तुझ्या पोरांनी ड्रम रिकामा करून ठेवलाय."

"त्यांना फोन करा ना."

"लागत नाही. आणि लागला तरी तो स्वराज काय म्हणेल, ठाऊक आहे ना तुला? त्याच्या हट्टापायी पोरीची मेहनत पाण्यात जायची." मग डबा पुढे केला आणि हळूच म्हणाला, "थोडं विरजण दे रे. चमचाभर. नाही म्हणू नकोस, भांडं घेऊन आलोय."

देऊ नको म्हणून सांगितलं होतं हे खरं. पण ज्याच्या घरात मी लहानपणी पोटभर भाकर खाल्ली तो माणूस दारात भांडं घेऊन उभा. दिव्याची वेळ झालेली नाही. कोणत्या तोंडाने नाही म्हणू? आणि मुलांचं भलंच होणार होतं त्यात. पेटी उघडली. एका बाटलीतलं थोडं ओतलं. बाटलीत कमी झालेलं कळतही नाही.

प्रवीणदादा म्हणाला, "त्यांना बोलू नकोस. सही झाली की मीच सांगतो, हसतील सगळे."

आता बरं वाटतंय. आपणही काहीतरी केलं.

१२ फेब्रुवारी

मुलं परवा आली. काल कंपनीत गेलो तर गेटवर गुरखा. शेठ बाहेरगावी. प्रवीणसर मीटिंगमध्ये. आज पुन्हा तेच. गौतमी म्हणते, "भागीदारांशी बोलत असतील." म्हणजे भागीदार आहेत, हे तिलाही ठाऊक आहे. मग ठीक.

स्वराज माझ्याकडे बघतो आणि नजर वळवतो.

१९ फेब्रुवारी

गुरखा आता आम्हाला लांबून बघूनच हात हलवतो.

प्रवीणदादा बिरवाडीच्या नाक्यावर भेटला. मुलांचं विचारलं तर म्हणाला, "मोठ्या लोकांची कामं अशीच सावकाश होतात." मग माझी पाठ थोपटली. "तुझं झालं बघ. एक तारखेला हजर हो." मला उडी मारावीशी वाटली, पण पाय उचललेच नाहीत. आयला अजून सांगितलं नाही.

माडीवर आलो तर दोघं आपसात भांडत होती, स्वतःलाच दोष देत. आपल्याला धंद्याचं बोलता येत नाही, भाव जास्त सांगितला, कागद पहिल्याच दिवशी काढायला नको होता. मी दारात उभा राहून ऐकलं आणि खाली गेलो. गाडी पुसली. स्वच्छ होती, तरी पुसली.

२४ फेब्रुवारी

प्रवीणदादाने आज मला एकट्याला आत नेलं. नोकरीचे कागद करायला म्हणून. जाता जाता शेडच्या मागे घेऊन गेला. "ये, गंमत दाखवतो."

मागे नवी टाकी. सिमेंटची, आमच्या घराएवढी, वरून उघडी. एका अंगाने लाल पाणी येतंय आणि दुसऱ्या अंगाने पांढुरकं होऊन पाइपातून जातंय. कडेला एक अनोळखी माणूस बाटलीत पाणी भरत होता. मुंबईहून आणलेला केमिस्ट.

"बघ, तुझ्या विरजणाचं दही!" प्रवीणदादा हसला.

"भागीदारांना दाखवायचं होतं ना?"

"दाखवलं की. त्यांनाच आवडलं."

"आन् पोरांचा करार?"

"कसला करार? जंतू कोणाच्या बापाचे असतात काय? तूच सांग, आपल्यात विरजणाचा दाम घेतात का? ती पोरं दाम मागत होती. मी फुकट घेतलं, आपल्या रीतीप्रमाणे."

मी म्हटलं, "दादा, विरजण नेणारी शेजारीण आमच्या दारात गुरखा उभा करत नाय."

तो हसायचा थांबला. "एक तारखेला ये," म्हणाला. "डोकं घरी ठेवून ये."

कागदांवर सही न करताच आलो.

२५ फेब्रुवारी

सांगितलं. सकाळीच. चहा निवला तरी कोणी प्यायलं नव्हतं.

मला वाटलं गौतमी ओरडेल, स्वराज मारायला उठेल. स्वराज उठलाच, पण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गौतमीने भलतंच विचारलं. "टाकीला झाकण आहे?"

"नाय."

"बाहेर पडणारं पाणी कुठे जातं?"

"पाइपानं. नाल्यात जात असंल. नाला नदीला मिळतो."

तिचा चेहरा पांढरा पडला. "मारत नाहीत? तसंच सोडतात? जिवंत?"

"म्हंजे विष हाय ना ते?" मी विचारलं. दीड महिना पोटात होतं, ते बाहेर पडलं. "खरं सांगा. माझी आय ह्याच मुलखात राहते. लोकं नदीचं पाणी पितात."

"विष नाही, सदूदादा. पण आम्ही तयार केलेला जीव आहे. तो बाहेर मोकळा सुटला तर काय करील, हे मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. पण माहीत नाही, म्हणून तर बाहेर सोडायची परवानगी नाही. म्हणून एवढी बंदिस्त ठेवतो, एवढं ब्लीचिंग."

मी खाली बघितलं. एवढे दिवस ते दोघं आमच्याच नदीची राखण करत होते आणि मी त्यांच्यावर पाळत ठेवून होतो.

ती चपला घालायला लागली. मग स्वराज तिच्यावर ओरडला, पहिल्यांदाच माझ्यासमोर मराठीत. "कुठे चाललीस? तक्रार करू, वकिलाला सांगू, पण त्यांना जाऊन शिकवायचं नाही! बंदोबस्त कसा करायचा, किती वेळाने मारायचं, तेच तर आपण विकणार होतो. ते सांगितलंस तर विकायला उरलं काय?"

"काही नाही उरलं."

"मग?"

"तक्रार कर तू. महिने जातील. पाणी आत्ता जातंय."

मी गाडी काढली. गेटवर गुरख्याने हात हलवला तरी ती हलली नाही. प्रवीणसरांना बोलवा, म्हणाली, करार नको आहे. उन्हात उभी राहिली. शेवटी प्रवीणदादा आला, हाताची घडी घालून. तिने त्याला सगळं सांगितलं. टाकी बंद कशी ठेवायची, बाहेर सोडण्याआधी किती ब्लीचिंग, किती वेळ. त्याने मध्येच खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घ्यायला लागला. तिने आपल्या वहीचा कागद फाडून दिला. "हातावरचं पुसून जाईल, ह्यावर लिहा."

बघून मला लाज वाटली, त्याचीही आणि माझीही. चोराला कुलूप कसं लावायचं ते शिकवून आली. आणि परत येताना मला म्हणाली, "लावतील ना हो?"

२७ फेब्रुवारी

आज मागच्या कुंपणाकडून बघून आलो. टाकीवर पत्रे चढवलेत. पाइपाच्या तोंडाशी दुसरी लहान टाकी खणतायत, कडेला ब्लीचिंगच्या गोणी. गौतमीला सांगितलं तर ती खाटेवर बसली आणि रडली. मला वाटलं होतं हसेल.

स्वराजने तक्रारीचा अर्ज टपालात टाकला. उत्तर येईल असं तोही म्हणत नाही. माझ्याशी बोलत नाही. काशीबाईंच्या हाती निरोप देतो, "ड्रायव्हरला सांगा, उद्या निघायचं." काशीबाई माझ्या पुढ्यात उभ्या राहून तोच निरोप मला सांगतात, आणि वर "दोन हातांवर तर बसलाय मेला" म्हणतात.

आयकडे जाऊन आलो. नोकरीचं आधीच कानावर गेलं होतं तिच्या. "कधी यायचास?" म्हणाली. मी म्हटलं, जागा भरली. तिने मला खालून वर पाहिलं. "भरली, का तू नाय म्हणालास?" ती गोठ्यात गेली.

२८ फेब्रुवारी, रस्त्यात

हे कोलाडला लिहितोय, चहाच्या टपरीसमोर, गाडीतच.

महाड सुटल्यापासून मी एकदाही मागे बघितलं नाही. बडोद्याला पोचलो की कॉलेजात सांगून मला काढतील, हे धरूनच चाललो होतो. काढायलाच हवं. मी असतो तर काढलं असतं.

कोलाडच्या फाट्याशी गौतमी म्हणाली, "सदूदादा, इथून रोहा जवळ ना? तिथेही कारखाने आहेत. तिथे कोणी ओळखीचं आहे तुमच्या?"

मला वाटलं टोमणा मारतेय. आरशात बघितलं. खरंच विचारत होती. स्वराजने तिच्याकडे असं बघितलं की तिला गाडीतून उतरवील. ती म्हणाली, "काय? हा जंतू गेला. पण तो करणारी आपण दोघं आहोत ना? दुसरा करू. पण पुन्हा वर्षभर गेटवर उभं राहायचं मला जिवावर येतंय."

मी गाडी कडेला घेतली. म्हटलं, "हाय एक. आतेचा दीर. मोठ्या कंपनीत शिफ्ट इन्चार्ज हाय."

"माणूस चांगला आहे?"

तोंडावर आलं होतं, आपलाच आहे. गिळलं.

"माहीत नाय," म्हटलं. "तुम्ही दोघं इथं चहा घ्या. पयला मी एकटा जाऊन बघून येतो."

स्वराजने पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसला.